जोर कुनाचा?

मुसा तांडेल जळतो, हे मिरकरवाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते लपवायची त्याने स्वतःही कधी तसदी घेतली नाही. दुसऱ्याच्या बोटीला सुरमई लागली की याचं तोंड उतरायचं. कुणी नवीन इंजिन बसवलं की याच्या घशाखाली घास जायचा नाही. एकदा एका खलाशाच्या बायकोने दिलेल्या गोड सांदणांची बोटीवर जरा जास्तच तारीफ झाली, तर गड्याने घरी येऊन आपल्या बायकोशी, हफीजाशी, अबोला धरला. बिचारीला कारणही कळेना. कळलं तेव्हा ती कपाळावर हात मारून म्हणाली, "तुमच्या पोटात चूल हाय की काय ओ? सदा पेटलेली!"

फक्त एका माणसावर तो कधी जळला नव्हता. तो म्हणजे धाकू. भाट्याचा धाकू मिसरूड फुटायच्या आधीपासून मुसाच्या 'बरकत'वर खलाशी होता. बोटीवर तांडेल म्हणजे म्होरक्या. जाळं कुठे टाकायचं, माघारी कधी फिरायचं, हे तोच ठरवणार. मुसाने चुकीच्या जागी जाळं टाकायला लावलं आणि रिकाम्या हाती बंदराला लागले, तरी धाकूने कधी हूं की चूं केलं नाही. आपल्याच उजव्या हातावर कोण कशाला जळेल?

आणि मुसाकडे एक गोष्ट अशी होती की तिच्यापायी दुसरे त्याच्यावर जळायचे. जाळं ओढतानाची त्याची आरोळी. त्याच्या बापाने त्याला ती दिली होती. तांडेलाने विचारायचं आणि खलाशांनी ओढता ओढता जवाब द्यायचा.

"जालं कुनाचंऽ?"

"दर्याचंऽ!"

"मासा कुनाचाऽ?"

"पोटाचाऽ!"

"जोर कुनाचाऽ?"

"तांडेलाचाऽ!"

शेवटच्या जवाबाला जाळं बोटीवर यायचं. पुढे बोटीवर विंच आली, जाळं यंत्र ओढू लागलं, तरी मुसा विंचीपाशी उभा राहून आरोळी द्यायचाच, आणि धाकू नुसत्या रिकाम्या हातांनी उभा राहून जवाब द्यायचा. इतर बोटींवरचे हसायचे. मुसाला वाटायचं, जळतायत लेकाचे.

मग मुसाचे गुडघे गेले. दोन्ही मुलगे आखातात, त्यांना दर्यात उतरायचं नव्हतं. 'बरकत' गुहागरच्या एकाने घेतली. तेव्हापासून मुसा सकाळी बंदरावर येऊन बर्फाच्या रिकाम्या पेटीवर बसायचा आणि लिलाव बघायचा. लोक अजून त्याला तांडेलच म्हणत, पण ते निवृत्त मास्तरांना गुरुजी म्हणावं तसं. त्याच्या हुकमाने आता जेटीवरचं मांजरसुद्धा हलत नव्हतं. मात्र कधी कुणाला लहर आली की तो म्हणायचा, "तांडेल, होऊ दे एकदा!" मग मुसा मान वर करून विचारायचा आणि टोपल्या उचलणारे, जाळी शिवणारे सगळे जवाब द्यायचे. तेवढ्यापुरता तो तांडेल असायचा. त्याच्यापाशी तेवढंच उरलं होतं.

आणि एक दिवस पुतण्याचा, फहादचा, दोह्याहून आवाजी निरोप आला.

"चाचा, तुमची जाल्याची आरोळी गेममध्ये आली! धाकूचाचाचा आवाज हाय! आमच्या रूमवरची पोरं येडी झालीत. फिलिपिन्सचा एक हाय, तो पन आंघोळ करताना तीच वरडतो!"

धाकूची मुलगी निशिगंधा पुण्यात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होती. गेममध्ये जे जे ऐकू येतं, लाटा, तलवारी, घोड्यांच्या टापा, ते सगळं गोळा करायचं तिचं काम. तिच्या कंपनीने उत्तरेकडच्या बर्फाळ दर्यातल्या लोकांचा गेम काढला होता, आणि त्या लोकांच्या तोंडी मुसाची आरोळी होती. धाकूच्या आवाजात.

मुसा पेटीवरून उठला तो तरातरा घरी आला. गुडघ्यांची आठवणसुद्धा त्याला झाली नाही.

"चोर!" तो हफीजाला म्हणाला. "जल्मभर माज्या पाठी उभा ऱ्हायला आन् आता माज्याच आरोळीवर तांडेल झाला!"

"सोताच्या कानांनी ऐकलंत का?"

"फहाद काय खोटं बोलतो?"

हफीजा मासे साफ करायला बसली. पण मुसाच्या पोटातली चूल त्या दिवशी जी पेटली ती विझेना. पूर्वी तो दुसऱ्याच्या माशावर, इंजिनावर, सांदणांवर जळला होता. ती सगळी आपल्याकडे नसलेल्या वस्तूंची हाव होती. या वेळी जे गेलं ते त्याचं स्वतःचं होतं, आणि नेलं होतं धाकूने. ज्याच्यावर कधी जळला नव्हता त्याच्यावर आता तो उभा जळत होता.

धाकू येऊन गेला. शहाळी घेऊन आला होता. दारातच म्हणाला, "तांडेला, एक सांगायचं हाय. निशीच्या कामाचं."

"मना नाय ऐकायचं."

"अरे पन—"

"मोठ्ठा मानूस तू. जगभर आवाज तुजा. इकडं गरिबाच्या दारात कशाला वरडतोस?"

धाकू शहाळी ओट्यावर ठेवून गेला. मुसाने ती हफीजाला शेजारी वाटून टाकायला लावली. त्यातलं एक तिने आपल्यासाठी ठेवलं, ते त्याला कळलं नाही.

आता मुसाने त्या परक्या लोकांची चौकशी सुरू केली. ज्याचा राग करायचा त्याची माहिती हवी ना! फहादकडून तो रोज फोनवर फोटो मागवू लागला. गेममधल्या त्या लोकांचं नाव होतं हारवेन. आडदांड बाप्ये, दाढीच्या वेण्या घातलेले, अंगावर अस्वलाची कातडी. टोपाला बैलाची शिंगं. बायकाही हातात कुऱ्हाड घेऊन सगळ्यांच्या पुढे. लांबलचक होडी, तिच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, सापाचं तोंड कोरलेलं. दर्यातून यायचं, गाव लुटायचं, पेटवायचं, शिंगातून दारू प्यायची, आणि मरताना हसायचं. त्या फोटोंत यापलीकडे हारवेनांना उद्योग नव्हता. वल्ही मारून कुणाच्या हाताला घट्टा पडत नव्हता. होडीत शिरलेलं पाणी उपसताना कुणी दिसत नव्हता.

"टोपाला शिंगं!" मुसा हफीजाला फोन दाखवत म्हणाला. "पयल्याच जाल्यात अडकून मरतील."

"मग मरू द्या की. तुमी का बघताय?"

तो का बघतो ते त्यालाच ठाऊक होतं. हारवेनांचा म्होरक्या नाळेवर उभा असायचा. म्हातारा, पांढऱ्या दाढीचा. त्याला कुणी म्हणत नव्हतं, आता गुडघे गेले, घरी बसा. आणि तो मेला की हारवेन त्याला त्याच्याच होडीत निजवायचे, होडी दर्यात सोडायचे आणि काठावरून पेटते बाण मारायचे. अख्खी जमात माना खाली घालून उभी. त्या फोटोकडे मुसा फार वेळ बघत राहिला. असलं जळणं-बिळणं त्याच्या दीनात बसणारं नव्हतं, ते त्याला नकोच होतं. पण म्हातारा जाईपर्यंत होडी म्हाताऱ्याचीच राहिली होती. 'बरकत' मात्र हिरवा रंग लावून आता गुहागरला फिरत होती. मुसाला त्या चित्रातल्या मेलेल्या माणसाचा हेवा वाटला, आणि तसा तो वाटला म्हणून स्वतःची लाजही वाटली.

गणपतीत निशिगंधा घरी आली. तिने मुसाला फोन केला नाही, हफीजाला केला. दर वर्षी धाकूच्या गणपतीला मुसा जायचा, मोदक खायचा, ती रीतच होती. हफीजा म्हणाली, "या वर्षी पन जायचं. भांडायचं तर तिथं जाऊन भांडा. इथं माजं डोकं उठलंय."

"जातो," मुसा म्हणाला. "चार लोकांसमोर इचारतो त्याला."

दुपारी दोघं रिक्षाने भाट्याच्या पुलावरून गेली. मुसा वाटभर मनात शब्द जुळवत होता. 'चोर' पहिला घ्यायचा की शेवटी, एवढंच ठरत नव्हतं. धाकूच्या घरी माणसांची ये-जा चालली होती. आतल्या खोलीत टीव्हीला गेम जोडलेला. धाकू खाटेवर बसला होता. मुसाला बघून तो उठला आणि पुन्हा बसला.

"बसा चाचा," निशिगंधा म्हणाली. "तुम्हाला दाखवायचंच होतं. बाबांनी पहिल्यांदा हे लोक बघितले तेव्हा विचारलं, हे लुटतात तेव्हा लुटतात, एरवी खातात काय? मग मी कंपनीत भांडून भांडून त्यांना मासे पकडायला लावलं. हे बघा."

म्हणजे हेही धाकूचंच.

टीव्हीवर बर्फाळ डोंगरांमधली खाडी दिसली. हारवेन कुऱ्हाडी खाली ठेवून जाळ्याला लागले होते. नाळेवर पांढऱ्या दाढीचा म्होरक्या. त्याने हात वर केला. मुसाने दात आवळले. आता येणार, 'जालं कुनाचं' येणार, धाकूच्या तोंडून.

काहीच आलं नाही. म्होरक्या हात वर करून गप्प उभा. नुसता वारा. मग सगळे हारवेन एकदम ओरडले, धाकूच्या आवाजात:

"दर्याचंऽ!"

पुन्हा सगळं सुनसान. मुसा पुढे वाकला.

"पोटाचाऽ!"

पुन्हा तीच शांतता, या वेळी जास्त लांब. आणि "तांडेलाचाऽ!" जाळं होडीवर आलं.

"सवाल कुठाय?" मुसा म्हणाला. "हे नुसतंच जवाब देतायत!"

"तेच तर," निशिगंधा म्हणाली. "मी बाबांना किती विनवलं. दोन्ही म्हणा, तुम्हाला पाठच आहे. ऐकलंच नाही. म्हणाले, माझं काम जवाब द्यायचं. सवाल मुसाचा. जा, त्याच्याकडून घे. पण गेम बाहेर काढायची घाई होती, तुमच्यापर्यंत यायला वेळच उरला नाही. मी तिथे जागा मोकळी सोडली, ती तशीच गेली. सवाल मागाहून घालता येतो म्हणून बाबा तुम्हाला विचारायला आले, तर तुम्ही बोलूच दिलं नाहीत."

मुसाने धाकूकडे बघितलं. धाकू खिडकीबाहेर बघत होता.

"तू म्हनायचंस रे," मुसा म्हणाला. "कुनाला कळलं असतं?"

"मना कळलं असतं," धाकू म्हणाला. "आपला तांडेल जिता असताना मी कसा इचारू?"

चोर हा शब्द मुसाच्या जिभेच्या टोकावर होता तो त्याने गिळला.

"आणि गंमत म्हणजे चाचा," निशिगंधा हसत म्हणाली, "खेळणाऱ्यांना तीच शांतता सगळ्यात आवडली. नेटवर ते काय काय लिहितात! म्हणे हारवेनांचा एक जुना म्होरक्या होता, तो मेला. सवाल तोच करतो, जिवंत माणसाला ऐकू येत नाही, आणि हे लोक अजून त्याला जवाब देतात. 'तांडेलाचा' ऐकून त्यांना वाटतं, तांडेला हे त्या मेलेल्या म्होरक्याचं नाव."

"मेलेला?" मुसा ताडकन उभा राहिला. गुडघा कटकन वाजला. "मी मेलो? कोन म्हनतो मी मेलो? लाव ते परत!"

निशिगंधाने परत लावलं. बाहेरची माणसंही दारात येऊन उभी राहिली. खाडी आली, जाळं आलं, पांढऱ्या दाढीच्या म्होरक्याने हात वर केला. मुसाने मान वर केली आणि शांततेत घातली आरोळी.

"जालं कुनाचंऽ?"

"दर्याचंऽ!" टीव्हीतून जवाब आला.

"मासा कुनाचाऽ?"

"पोटाचाऽ!" आता खाटेवरूनही. धाकू उभा राहिला होता, विंचीपाशी राहायचा तसा, रिकाम्या हातांनी.

"जोर कुनाचाऽ?"

"तांडेलाचाऽ!" टीव्हीतला धाकू आणि खोलीतला धाकू एकदमच ओरडले, आणि दारात मोदकांचं ताट धरून उभी असलेली हफीजाही ओरडली.

मुसा धापा टाकत खाली बसला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते सगळ्यांनी बघितलं तरी त्याला पर्वा नव्हती. त्याने धाकूचा हात ओढून त्याला शेजारी बसवलं. टीव्हीवर म्होरक्या पुन्हा हात वर करून गप्प उभा राहिला होता.

मग मुसाच्या मनात आलंच. धाकूचे आवाज दोन झाले, आपला एकच.

"निशी," तो म्हणाला, "ती आवाज पकडायची मशीन आनलीस काय गो?"