आबांचा नेम

“क्रिएटिनिन वाढलंय,” डॉक्टर म्हणाले. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडं नीट काम करताहेत की नाही, ते सांगणारी रक्ततपासणी. “पाणी कमी पडतंय त्यांना. असंच राहिलं तर किडनीच्या डॉक्टरांना बोलवावं लागेल.”

मी आबांकडे पाहिलं. आबा छताकडे बघत होते.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून निवृत्त होऊन वडूजला शेती करणारे. गोठ्यात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. म्हणून सांगलीला, विश्रामबागेत मी काम करायचे त्याच हॉस्पिटलात आणलं. ऑपरेशन छान झालं. लघवीची नळी काढली आणि तिथून घोटाळा सुरू झाला.

नर्सिंगला प्रवेश मिळेपर्यंत मी तिथे नर्सिंग असिस्टंट होते. चादरी बदलायच्या, अंग पुसायचं, लघवीचं भांडं द्यायचं, न्यायचं. आबांनी मात्र सगळ्या वडूजला सांगून ठेवलेलं की पोरगी इंजेक्शनं देते.

दिवसा दादा त्यांच्याजवळ असायचा. संध्याकाळी तो गेला की त्या वॉर्डात माझी ड्यूटी. मी पाण्याचा ग्लास पुढे केला की आबा मान फिरवायचे.

“शेजारच्या अण्णांचं बघून म्या बी नेम धरलाय. दिवस मावळला की पाणी बंद.”

शेजारच्या खाटेवरचे अण्णा जैन, गुळाचे व्यापारी. सूर्यास्तानंतर ते अन्नपाणी घेत नसत. पण आबांनी नेम धरावा? ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आमच्याच घरातून निघाली असावी. मला हसू यायचं, थोडं कौतुकही वाटायचं. रिपोर्ट आला आणि ते हसू पार आटलं.

त्या संध्याकाळी अण्णांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

“पोरी, आमचा नेम ल्हानपणापासनंचा. डॉक्टरला इचारून पाळतोय. तुझ्या बाचा नेम तू आलीस की सुरू हुतोय. दुपारपासनंच घोट आखडतोय गडी. भांडं तुझ्या हातात द्यायला लागू ने म्हणून.”

राग आणि माया, दोन्ही एकदमच आलं. स्टूल ओढून आबांजवळ बसले आणि खरं काय ते विचारलं.

त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग म्हणाले, “लेकीनं बापाचं भांडं उचलायचं, बरं दिसतंय व्हय? त्याच्यासाठी शिकीवलं का तुला?”

“आवं आबा, अण्णांचं भांडं कोण देतंय? मीच की. त्यांना बी लेकी हायत.”

अण्णा भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेऊन पडले होते. तिकडून आवाज आला, “लाज मलाबी वाटलीती. एक दिस वाटती, मग न्हाई.”

आबांनी डोळे मिटले. “आण,” म्हणाले. ग्लास संपवला, दुसरा मागितला. थोड्या वेळानं हलक्या आवाजात भांडंही मागितलं. मी पडदा ओढला, भांडं दिलं आणि सगळ्यांसाठी उभी राहते तशीच पाठ करून उभी राहिले.

क्रिएटिनिन हळूहळू उतरलं. तुमचंही माणूस खाटेवर पडून पाणी नको म्हणत असेल, तर त्याला तहान नाही असं धरून चालू नका. भांडं कोण देतं, ते आधी बघा.

आता मी नर्सिंग कॉलेजात आहे. सुट्टीत घरी गेले, तेव्हा आबा काठी घेऊन ओट्यावर बसले होते. आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, “पोरगी इंजेक्शनं देती न्हवं?”

“ते शिकाय लागलीया अजून,” आबा म्हणाले. “पर पडल्याल्या माणसाचं समदं करती. माझं बी तिनंच केलं.”