बादलीत बुडवलेला कॅमेरा
कपाट आवरताना फिल्मची रिकामी डबी सापडली, उघडताच तो रसायनाचा उग्र वास आला आणि डोंबिवलीतलं कॅमेऱ्याचं दुकान आठवलं. नव्वदीची सुरुवात होती. पगारातून साठवून मी ट्रेकसाठी कॅमेरा घ्यायला गेलेले, आणि ‘मुलींनी कशाला मलंगगड चढायचा’ म्हणून आठवडाभर धुसफुसणारे बाबाही सोबत आलेले. दुकानदाराने एक चकचकीत, नाजूक कॅमेरा पुढे केला. “बारशाला, हळदीकुंकवाला मस्त.” मी काचेमागचा, मुठीत मावणारा, रबरी कडांचा पिवळा कॅमेरा मागितला. “तो डोंगर चढणाऱ्या पोरांसाठी आहे, ताई. पाण्यात पडला तरी चालतो.” बाबा म्हणाले, “बघ, हेही तेच सांगतायत.” मी म्हटलं, “मग बादली आणा. मी बुडवून बघते, बिघडला तरी पैसे माझे.” त्याने नाइलाजाने रोल भरला, मागून पाण्याची बादली आणली. मी कोपरापर्यंत हात बुडवला, तो निथळता कॅमेरा तसाच डोळ्याला लावला आणि बाबांवर रोखला. “गडावर मी जाणारच आहे, बाबा. आता हसा.” ते हसले नाहीत. तो फोटो आजही माझ्या भिंतीवर आहे: कपाळभर आठ्या, आणि हात मात्र शर्टाची कॉलर नीट करतोय.