पितृपंधरवड्यातली सही

कवठे महांकाळच्या बेदाणा उत्पादकांची एक कंपनी हिशेबासाठी माझ्याकडे आहे. आधीच्या हिशेबनिसाच्या कृपेने तिचे दोन वर्षांचे वार्षिक अहवाल दाखलच झाले नव्हते. तिसरा चुकला असता तर सगळे संचालक पाच वर्षांसाठी बाद. अध्यक्ष सत्तरीचे, मोटारसायकलवर गावोगाव फिरून त्यांनी ही कंपनी उभी केली होती. त्यांची खुर्ची राहावी म्हणून मी उन्हाळ्यापासून धावत होते.

अहवाल वेळेत यावेत म्हणून सरकार दरवर्षी नवा नियम काढतं, आणि त्या नियमाचे रकाने भरता भरता अहवालाला उशीर होतो. भीक नको पण कुत्रा आवर! तरी गणपतीआधी सभा झाली, कागदांवर सह्या झाल्या. राहिली फक्त अध्यक्षांची ऑनलाइन सही. मुदत संपत होती घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी.

मी फोन केला, तर म्हणाले, "आवं मॅडम, पितरांच्या पंधरवड्यात मी सही करत न्हाई. पयल्या माळंला येतो."

पहिली माळ म्हणजे हातात दीड दिवस. शेवटच्या दिवसांत पोर्टल हमखास बंद पडतं, हे मी त्यांना चार वेळा समजावलं. ढिम्म. सरकारला पितर नसतात, असंही मी बोलून गेले.

त्यांच्या सहीचं डोंगल मात्र विश्रामबागेतल्या ऑफिसात माझ्याच खणात होतं. कायद्यानं ते ज्याचं त्यानं जपायचं, पण आमच्याकडे सगळेच ते पासवर्डच्या चिठ्ठीसकट हिशेबनिसाकडे टाकून मोकळे होतात. सर्वपित्रीच्या दुपारी मी वैतागून ते संगणकाला लावलं आणि अहवाल पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष धुतलेले कपडे घालून, पेढे घेऊन आले. मी पोचपावती पुढे केली. त्यांनी तारीख वाचली. मी म्हणाले, तुमची खुर्ची वाचली.

"सही तुमीच करताय, तर खुर्चीत मी कशाला?"

आठवड्यात त्यांचा हाताने लिहिलेला राजीनामा आला. मी भयंकर चिडले, आधी त्यांच्यावर, मग स्वतःवर. राजीनाम्याची नोंद तीस दिवसांत करायची असते. मी एकोणतीस दिवस वाट पाहिली, ते काही फिरले नाहीत.

सभासद अजून विचारतात, अध्यक्ष का गेले. मी सांगते, वय झालं होतं.