रानचिमण्यांची बोर

गोपाळकृष्ण ताम्हनकर मूळचे सांगलीचे, जतच्या शाळेत मास्तर. १९४२पासून दर रविवारी ते गावाबाहेरच्या माळावर जाऊन बसत. कुसळी गवत, तरवड आणि बोरीच्या जाळ्या, एवढंच तिथं होतं. त्यात रानचिमण्या राहायच्या. दिसायला घरच्या चिमणीसारख्याच, फक्त नराच्या गळ्यावर हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा ठिपका. त्या काय खातात, कुठल्या झुडपात कधी शिरतात, सगळं मास्तर वहीत टिपत. मेंढ्या राखणाऱ्या बनुबाईला तो माळ तोंडपाठ होता. ओढ्याकाठची मोठी बोर तिनंच त्यांना दाखवली. थंडीत रोज दिवस मावळताना तिथं चारशेच्या वर चिमण्या मुक्कामाला उतरत.

१९४५च्या डिसेंबरात सांगलीच्या एका वाचनालयात मास्तरांचं व्याख्यान झालं. त्यांनी फळ्यावर ओढा काढला, वाट काढली, बोरीच्या जागी फुली मारली. पुढच्या रांगेतल्या एकानं दोनदा विचारलं, "नेमक्या किती वाजता येतात?" एवढी आस्था पाहून मास्तर हरखून गेले होते.

पंधरा दिवसांनी ते माळावर गेले, तर बोर बुंध्यातून तोडलेली. काट्यांत जाळ्याचे तुकडे अडकलेले आणि खाली पिसंच पिसं.

बनुबाई मेंढ्या तशाच सोडून धावत आली.

"आवं मास्तर, काल चौघं आलं हुतं. समद्या धरल्या, पोत्यात भरून न्हेल्या. औषदाला इकत्यात म्हनं."

"तू अडवलं नाहीस?"

"अडवलं की! तर म्हनले, मास्तरनीच फळ्यावर जागा दावलीया. तुमचं नाव घेतल्यावर मी काय बोलू?"

मास्तर पिसांतच खाली बसले. बनुबाई काय काय सांगत राहिली, त्यांच्या कानांत काही शिरत नव्हतं. दोनदा विचारणारा तो माणूस आणि त्याला आपण हसून दिलेलं उत्तर, तेवढंच डोळ्यांपुढं येत होतं.

वर्षभर ते माळाकडं फिरकले नाहीत. पुढच्या थंडीत बनुबाईच शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"मास्तर, आल्यात. थोड्या हायत, पर आल्यात."

तिनं त्यांना पार दुसऱ्या बाजूला, हिवराच्या झाडांकडं नेलं. मास्तरांनी मोजल्या, साठ भरल्या.

"लिवा की," बनुबाई म्हणाली.

त्यांनी झाडाचं नाव लिहिलं, वेळ लिहिली, आकडा लिहिला. जागा लिहिली नाही. पुढं कुणी विचारलंच तर म्हणत, "माळ मोठा आहे."