गयामावशीचं नाव

माझ्या वडिलांच्या भित्रेपणामुळे चार वर्षांची एक मुलगी गेली.

हे मी आजवर कुठेच लिहिलं नव्हतं. आज लिहितेय, कारण त्या मुलीची थोरली बहीण, आमची गयामावशी, आज पहाटे गेली. नव्वदी तिनं कधीच ओलांडली होती.

गोष्ट युद्धाच्या वर्षांतली. एकोणीसशे त्रेचाळीसच्या आसपासची. माझा जन्म व्हायचा होता.

बेलापूरजवळच्या आमच्या गावात कालव्याचं पाणी आलं, मागोमाग ऊस आला, शुगर फॅक्टरी आली. उसाला माणसं लागतात. ती आली गोदावरीच्या पलीकडून, निजामाच्या मुलखातून.

गावातले लोक त्यांना 'मोगलाईतले' म्हणायचे.

गयाचे आईवडील त्यातलेच, पैठणकडचे. सोबत अकरा वर्षांची गया आणि धाकटी ठकी. गावाबाहेर उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, घालून ही मंडळी राहायची. आधी हंगामापुरती, मग बारा महिने.

तेव्हा धान्यावर कंट्रोल होता. यादीत नाव असेल त्यालाच दुकानात ज्वारी मिळायची. गावाची यादी लिहायचं काम शाळामास्तरांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आलं. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो.

गावातल्या वजनदार माणसांनी आप्पांना चावडीवर बोलावलं.

"मास्तर, कोप्यातली नावं नका घालू. ती आज हायत, उद्या न्हाईत. गावाचं धान्य गावालाच पुरंना."

आप्पांचं वय पंचवीस. नवी नोकरी, नवं लग्न, आणि भाड्याची खोली त्या माणसांपैकीच एकाची.

त्यांनी नावं घातली नाहीत.

दिवसभर ऊस तोडणाऱ्यांच्या घरात भाकरी नव्हती. लेकरं ऊस चोखून दिवस काढायची. पोटं बिघडायची.

एक दिवस गया एकटीच शाळेच्या ओट्यासमोर येऊन उभी राहिली.

"मास्तर, आमची नावं ल्ह्या."

"यादी तालुक्याला गेली, पोरी."

"मंग आमी कुटं ऱ्हातो म्हून लिवलंय?"

आप्पा "पुढच्या खेपेला बघू," म्हणाले आणि वर्गात गेले.

पुढच्याच आठवड्यात ठकी जुलाबांनी गेली. अंगात काही उरलंच नव्हतं तिच्या. बापानं तिला फडक्यात गुंडाळून शाळेसमोरूनच नेलं.

वर्गात मुलं पाढे म्हणत होती. आप्पांनी त्यांना थांबवलं नाही. थांबवलं असतं तर सगळ्यांनी बाहेर बघितलं असतं.

त्या रविवारी आप्पा कोप्यांवर गेले. वहीची पानं फाडून एकेका माणसाचं नाव लिहून घेतलं, प्रत्येकापुढे 'राहणार' म्हणून आमच्या गावाचं नाव घातलं. मग सायकलवरून तालुक्याला. दोन दिवस कचेरीत बसून राहिले.

धान्य सुरू झालं.

खोली मात्र गेली. आई-आप्पा कोप्यांच्या शेजारी राहायला गेले. माझा जन्म तिथलाच. म्हणून गया माझी मावशी.

तिनं मला कडेवर वाढवलं. तिच्यामुळे मी 'लेकरू' म्हणायला शिकले, 'काय करायलीस' म्हणायला शिकले. पुण्याच्या आत्या हसायच्या.

आज आमचं निम्मं गाव तसंच बोलतं. कोप्यांची पक्की घरं झाली, सोयरिकी झाल्या. ज्यांनी आप्पांना खोली सोडायला लावली, त्यांच्या घरात मावशीची नात सून म्हणून नांदतेय.

आप्पा गेले तेव्हा शोकसभेत जो तो म्हणाला, गरिबांसाठी भांडलेला मास्तर. मी मान ताठ करून ऐकत होते.

घरी आल्यावर मावशी म्हणाली, "पयल्यांदा त्यानंच सोडलं हुतं आमाला. ठकी गेली, तवा लिवलं."

मी भडकले. "आज बोलायचं का हे?"

"आज न्हाई तर कवा? समदे अर्धंच सांगायलेत."

मी आईकडे बघितलं. आई खाली बघत होती.

महिनाभर मी मावशीशी बोलले नाही. मग न राहवून विचारलं, "एवढं होतं मनात, तर आमच्या घरी कशाला येत राहिलीस?"

"तुझा बाप आमच्या कोपीत येऊन रडला हुता. माझ्या आईम्होरं. म्या बघितलं. मानूस वाईट न्हवता. भ्याला हुता."

मग म्हणाली, "पर म्हून काय ठकी येनार हाय व्हय?"

मागच्या महिन्यात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. फॅक्टरीवर बिहारची माणसं आलीत, बायकापोरांसकट. 'बाहेरच्यांना इथं रेशन कशाला? आपल्यालाच पुरत नाही.'

खाली अंगठ्यांची रांग. त्यात एक मावशीच्या सख्ख्या नातवाचा.

मी तो मेसेज तिला वाचून दाखवला. नातवाचं नाव सांगायचा धीर झाला नाही. ती अंथरुणाला खिळलेली.

"लेकरं केवढाली हायत?"

"मला नाही माहीत, मावशी."

"मास्तराची पोर ना तू? जाऊन बघ की."

मी गेले नाही. गुडघे दुखतात, ऊन आहे, अशी कारणं होती. खरं कारण एकच. गावात वाईटपणा नको.

आज दुपारी मावशीला अग्नी दिला. तिथून मी सरळ फॅक्टरीमागच्या वस्तीवर गेले.

पत्र्याच्या खोल्या. एक बाई दारात भांडी घासत होती, दोन लेकरं तिला चिकटलेली. मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, रेशन मिळतं का?

तिनं आधी माझ्या मागे कुणी आहे का ते बघितलं. मग मानेनंच नाही म्हणाली.

हीच पोस्ट आता गावच्या ग्रुपवर टाकतेय. मावशीचा नातूही वाचेल. उद्या ग्रामपंचायतीत जातेय, कुणी सोबत आलं तर बरं, नाहीतर एकटी.

मावशी, मी उशीर केला. तुझ्यासमोर करायला हवं होतं हे.

तुला शेवटचा नमस्कार.