शेकोटीच्या चपला

कोल्ड स्टोरेजमध्ये त्याला सगळे शेकोटी म्हणत. नाव कोणी पाडलं ते आता कोणाला आठवत नव्हतं, पण अंगाच्या मापाने शिवलेल्या सदऱ्यासारखं ते त्याला बसलं होतं. बाकीचे लोक चेंबरमधून बाहेर आले की हात काखेत घालून उड्या मारायचे. हा मात्र जाकिटाची चेन उघडून, कपाळावरचा घाम पुसत यायचा. वर ऐकवायचा, "थंडी वाजणं हा रिकामटेकड्यांचा रोग आहे."

घरीही तेच. त्याची बायको शिवणकाम करायची. दिवसभर मशीनच्या लोखंडी पायडलवर ठेवून तिचे तळवे गारठून जायचे, आणि रात्री अंथरुणात ती ते खुशाल त्याच्या पोटऱ्यांना चिकटवायची. "अगं, माणूस आहे मी, चूल नाही!" असा तो ओरडायचा. पण लग्नापासून आजवर त्याने पाय कधी मागे घेतला नव्हता. आणि तिनेही नाही.

चेंबर म्हणजे गोठवलेला भाजीपाला ठेवायच्या खोल्या. पाण्याचा थेंब जिथे पडेल तिथेच दगड व्हावा अशी थंडी. आत जाताना आपल्या चपला दाराशी काढायच्या आणि कंपनीचे जाड बूट चढवायचे. त्यातून तिथे एक रीत पडली होती. दार लावणाऱ्याने आत डोकवायचं नाही, खाली बघायचं. दाराशी चपला दिसल्या म्हणजे माणूस आत, नाहीतर खोली रिकामी. साहेबांनी फळ्यावर नावं लिहायचा नियम काढून पाहिला, पण तो लवकरच बारगळला. चपलांचा नियम मात्र कधी चुकला नव्हता, कारण बूट घालून रस्त्यावर हिंडणारा शहाणा तिथे कोणी नव्हता.

तो शनिवार होता, अर्ध्या दिवसाचा. बुटांचं अस्तर दमट झालं म्हणून शेकोटीने ते आदल्या दिवशी घरी आणून उन्हात ठेवले होते. सकाळी पिशवीत घालून निघाला, तर कोपऱ्यावरच चपलेचा अंगठा तुटला. तिथेच चपला शिवणारे बाबा बसतात. त्यांच्याकडे चपला टाकल्या, बूट पायात चढवले आणि स्वारी कामावर. वरून बायकोला फोन केला, "आज नवरदेवासारखा बूट घालून आलोय. दुपारी बाबांकडेच भेट, तिथूनच थोरल्या लेकीकडे जाऊ."

दुपारी ती आली. चपला शिवून तयार होत्या, नवऱ्याचा पत्ता नव्हता. फोन नुसता वाजत राहिला; कामाच्या वेळी तो कपाटात ठेवावा लागायचा. बसला असेल कुठे गप्पा छाटत, असं म्हणून तिने आधी राग राग केला. ऊन कलायला लागलं तशी चपला पिशवीत टाकून तावातावाने फाटकाशी गेली.

अण्णा सायकल काढत होते. चेंबरची दारं लावायचं काम त्यांच्याकडे होतं.

"वहिनी, इकडे कुठे वाट चुकलात? तुमचे साहेब केव्हाच गेले."

"गेले? तुम्ही पाहिलंत?"

"पाहायचंय काय त्यात? सकाळपासून जप चालला होता, थोरलीकडे जायचंय, थोरलीकडे जायचंय. मी दार लावलं तेव्हा चपला नव्हत्या दाराशी. मागच्या फाटकानं सटकले असतील."

तिने पिशवी उघडून त्यांच्यासमोर धरली.

अण्णांनी चपलांकडे पाहिलं. तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण चेहऱ्याचा रंग उतरला. "मग पायात काय होतं त्यांच्या?"

"बूट. कोपऱ्यावरूनच घालून आले होते."

सायकल तशीच आडवी पडली. अण्णांना या वयात धावता येतं हे तिला त्या दिवशी कळलं. लांबलचक बोळ, पिवळे दिवे, एकामागून एक जाड दारं. तिच्या मनात एकच हिशेब चालला होता. तो जेवणाआधी आत गेला असेल, की जेवणानंतर? जेवणाआधी नको. देवा, जेवणाआधी नको.

दार आतून ढकलून उघडण्यासाठी एक दांडा होता. पण दारावर बर्फ धरू नये म्हणून बसवलेली तापती तार जळाल्यापासून दांड्याभोवती बर्फ साचून तो अडकत होता. सगळ्यांना माहीत होतं. सगळेच म्हणत होते, करू की.

अण्णांनी दार ओढलं तसं पांढरं धुकं तिच्या पायांवरून वाहत बाहेर आलं. थंडीने नाकाच्या आत टोचलं. "शेकोटी!" अण्णा ओरडले. पंखे घरघरत राहिले. तिने आयुष्यात नवऱ्याला नावाने हाक मारली नव्हती, त्यामुळे आताही तोंडातून "अहो" एवढंच निघालं आणि त्या घरघरीत विरून गेलं.

दाराच्या आतल्या बाजूला ठोकल्याचे व्रण होते, खाली लाकडी फळीचे तुकडे. पुढे फाडलेली खोकी. गोठलेले मटार पायाखाली खड्यांसारखे घरंगळत होते. मग टोपी पडलेली दिसली. मग जाकीट.

तिने ते उचललं. अशा जागी माणूस जाकीट काढेलच कशाला?

दोन थप्प्यांमधल्या फटीत तो पुठ्ठ्यावर बसला होता. सदऱ्याची बटणं उघडी. डोळे अर्धवट मिटलेले. चेहऱ्यावर भीती नव्हती, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. त्याने जड जिभेने काहीतरी म्हटलं. तिने कान जवळ नेला.

"उकडतंय गं. पंखा लाव."

"बघा, बघा!" अण्णा जवळजवळ रडतच हसले. "थरथरसुद्धा नाही अंगात. उगाच नाही शेकोटी म्हणत!"

तिने त्याचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्या हातापेक्षा गार होता.

दोघांनी त्याला पुठ्ठ्यासकट ओढत बाहेर आणलं आणि पहारेकऱ्याच्या खोलीत आडवं केलं. पहारेकऱ्याने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. अण्णांनी त्याचे पाय जोरजोरात चोळायला घेतले, तेवढ्यात फोनवरची बाई कडाडली, "चोळू नका! उठवून बसवू नका, गदगदा हलवू नका. अशा वेळी धक्क्यानं हृदय बंद पडतं. गरम पाणी नको, तोंडात काही घालू नका. ओले कपडे काढा, कोरडं पांघरा, छातीला ऊब द्या. पेशंट थरथरतोय का?"

"नाही," ती म्हणाली.

 मग बाई अगदी हळू म्हणाली, "गाडी निघाली आहे. शरीर दमलं की थरथर थांबते ताई, उलट उकडल्यासारखं वाटतं. परत सुरू झाली तर चांगलं समजा."

लाज वगैरे कसली! अण्णा आणि पहारेकरी तोंड फिरवून दाराशी उभे राहिले. ती पांघरुणांत शिरली आणि तिने त्याची छाती आपल्या छातीशी धरली. जणू बर्फाच्या लादीला मिठी मारली होती. आपले गार पाय तेवढे तिने त्याच्यापासून लांब ठेवले. त्याचा श्वास येई, मग इतका वेळ येत नसे की ती आपलाही रोखून धरी. मग पुन्हा येई. ती त्याच्या कानाशी बडबडत राहिली. चपला शिवून झाल्यात, थोरली वाट बघतेय, झोपायचं नाही, अहो, ऐकताय ना, झोपायचं नाही.

"येतेय का गाडी?" तिने विचारलं.

"येतेय वहिनी," अण्णा दाराकडे तोंड करूनच म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता. "मी खाली बघितलं हो. रोज बघतो तसंच बघितलं."

 तिचं सगळं लक्ष छातीशी होतं. तिथे कुठेतरी खोल, लांबून ट्रक जाताना भिंत हलावी तसं काहीतरी हललं. थांबलं. आपणच हुडहुडलो असू, असं तिला वाटलं. पुन्हा हललं. मग त्याचा जबडा तिच्या खांद्यावर कडकड वाजायला लागला आणि पाठोपाठ सगळं अंग लटलटू लागलं. इतकं, की पहारेकऱ्याची खाट खडखडायला लागली.

"थं... थंडी," शेकोटी म्हणाला. "थंडी वाजतेय गं."

"वाजू दे," ती म्हणाली, आणि बाहेर भोंगा ऐकू येईपर्यंत तेच म्हणत राहिली. "वाजू दे. खूप वाजू दे."