नवलआबांची सुलट वीण

नवलआबा पाटलांनी आयुष्यभर एसटी चालवली, तीही बहुतेक धडगावच्या घाटात. त्यांच्या हातात विणकामाच्या सुया आल्या त्या निवृत्तीनंतर, आणि त्याही पाय मोडला म्हणून. केळीला पाणी द्यायला गेले, बांधावरून घसरले आणि प्लास्टर घालून खाटेवर पडले. पडल्या पडल्या घरातल्या प्रत्येक कामात चुका काढायला लागले. भाजी चिरायची पद्धत चुकीची, कपडे वाळत घालायची चुकीची. शेवटी निर्मलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माळ्यावरच्या आपल्या जुन्या सुया आणि लोकर काढून सरळ त्यांच्या पोटावर ठेवली.

"ह्या ल्या. हात गुतवा, म्हणजे तोंड बंद ऱ्हाई."

आबांना आधी राग आला. मग दुपार जाईना म्हणून त्यांनी सुलट टाका शिकून घेतला, पाठोपाठ उलट. प्लास्टर निघेपर्यंत एक मफलर तयार झाला. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद. तो गळ्यात घालून ते पारावर जाऊन बसले. कोणीतरी म्हणालं, "आबा, आते बांगड्याबी भरा."

"तू भरी दे, मी हात पुढे करस," आबा म्हणाले. विषय तिथेच संपला.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या डोक्यावर आबांच्या टोप्या होत्या. तेवढ्यात त्यांच्या मुलीने, चेतनाने, नाशिकहून मोबाइलवर एक फोटो पाठवला. स्वेटरच्या छातीवर तीन जाड वेण्या घातलेल्या. खाली लिहिलं होतं, "आबा, असा विणता येईल?"

आबांनी राखाडी लोकर आणली, वेणी शिकवणाऱ्या एका बाईंचा व्हिडिओ लावून मोबाइल उशीला टेकवून ठेवला आणि कामाला लागले. वेणी घालायची तर काही टाके तिसऱ्या सुईवर काढून ठेवायचे, कधी पुढे, कधी मागे, मग बाकीचे विणून ते परत घ्यायचे. आबा पुढे-मागे चुकायचे. चूक लगेच दिसायची नाही. बरंच विणून झाल्यावर वेणी भलतीकडेच वळलेली दिसायची. मग उसवायचं. पुन्हा टाके उचलायचे. उसवून उसवून लोकरीचा पीळ गेला, ती पिंजल्यासारखी झाली. आबांचं पारावर जाणं बंद झालं. चहा निवून साय धरायची. मोबाइलवरच्या बाईंनाही ते ओरडायला लागले.

"घाटमा गाडी चालाडेत तवय बी इतला चिडेत नही तुम्ही," निर्मलाबाई म्हणाल्या. "मंग कसाले करतस?"

"पोरले शब्द देल शे."

स्वेटर काखेपर्यंत आला, आणि एका सकाळी उन्हात धरून पाहताना त्यांना पहिल्याच वेणीच्या बुडाशी चूक दिसली. ते ओरडले नाहीत. सगळं विणकाम उशीच्या जुन्या खोळीत घातलं, लोखंडी पेटीत ठेवलं आणि शेतात निघून गेले.

त्याच सुमारास फुलसिंगचा निरोप आला. फुलसिंग म्हणजे आबांचा जुना कंडक्टर. धडगावच्या पुढे एका पाड्यावर त्याने नवं घर बांधलं होतं. जेवायला या, म्हणाला. आबा तळोद्याला जाऊन जीपमध्ये बसले. जीप भरेपर्यंत थांबायचं होतं. पिशवीत हात घातला तर तळाशी टोप्यांतून उरलेल्या पिवळ्या लोकरीचा गुंडा आणि सुया. त्यांनी सुईवर टाके घातले, किती ते मोजलेही नाहीत, आणि नुसतं सुलट विणायला लागले.

जीप घाटाला लागली. पहिली काही वळणं आबांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहिला. मग तो आपोआप सैल पडला. इतकी वर्षं या रस्त्याने त्यांनी फक्त रस्ता पाहिला होता. आता मान वर केली की सागाचं रान, खाली कुठेतरी कौलारू घर, धूर. मान खाली घातली की पिवळी ओळ. गुंडा एकदा सीटखाली पळाला. शेजारी बाजाराला निघालेल्या कमलीबाई नावाच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी तो उचलून आपल्या ओटीत धरला.

"काय होणार याचं?" त्यांनी विचारलं.

"काय माहीत," आबा म्हणाले, आणि दोघंही हसले. धडगाव येईपर्यंत गुंडा कमलीबाईंच्या ओटीतच होता.

फुलसिंगच्या अंगणात ऊन छान होतं. आबा बाजेवर बसून विणत होते, फुलसिंग जुन्या प्रवाशांच्या गोष्टी काढत होता. आतून जेवायला हाक आली.

"पाटील, तेवढी ओळ संपवून घ्या," फुलसिंग म्हणाला.

"ती कुठं पळते? चल, भूक लागलीये."

घरी परतल्यावर आबांनी चेतनाला फोन केला. घसा खाकरून म्हणाले, "बेटा, तो स्वेटर काही मन्हाकडून व्हत नही. राहू दे आता."

"कोणता स्वेटर?" चेतना म्हणाली. मग तिला आठवलं. "अहो आबा, मी नुसतं विचारलं होतं! तुम्ही खरंच विणायला बसलात?"

आबा इतके हसले की निर्मलाबाई चुलीपुढून उठून आल्या.

पिवळा पट्टा वाढतच गेला. लोकर संपली तेव्हा त्याला हिरवी जोडली. होळी झाली, ऊन तापलं, तळहाताच्या घामाने लोकर सुईला चिकटायला लागली. मग आबांनी तळोद्याच्या दुकानातून सुती दोरा आणला. सूत लोकरीसारखं ताणलं जात नाही, टाके सैल पडतात, हात वेगळा ठेवावा लागतो. हल्ली ते तेच शिकतायत. संध्याकाळी ओट्यावर पाणी मारून झालं की खुर्ची टाकून बसतात. पारावरची मंडळीच आता त्यांच्याकडे येतात, आणि आबा सुयांवरून नजर न हलवता सगळ्यांशी गप्पा मारतात.